कॅमेरा कोणाच्या खांद्यावर? डोंगरवाटा, ओझं आणि फिल्मचा इतिहास

(पेण इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "डोंगरात कॅमेरा कसा न्यायचा, यात इतिहास कसला? चांगली सॅक घ्यायची, झालं." मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलंय. त्यांची शंका रास्त आहे. मीही बरीच वर्षं हेच समजत होतो.

पण बघा, आपण जुना फोटो हातात घेतो तेव्हा काय विचारतो? कुठला आहे, कधीचा आहे, कोणी काढला. तो कॅमेरा तिथवर वाहून कोणी नेला, हे कोणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं असं, की आपल्या डोंगरांचे, लेण्यांचे, गडांचे कुठले फोटो आहेत आणि कुठले नाहीत, हे ठरवण्यात फोटो काढणाऱ्याच्या डोळ्याइतकाच वाटा ओझं वाहणाऱ्या खांद्याचा आहे. आज एवढंच सांगायचंय. बाकी सगळी त्याचीच उदाहरणं.

सुरुवात मुंबईपासून करू. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी, दोघेही डॉक्टर, या मंडळींत होते. नारायण दाजी तर त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे विलायतेत ही कला नवी असतानाच आपल्याकडे ती शिकवायला लागले. त्याच १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याला सरकारनं काम दिलं, की पश्चिम भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढा. विजापूर, बदामी, ऐहोळे असं त्यानं काम केलं. वर्षाच्या आत त्याला पलटणीत परत बोलावलं, आणि त्याच्या जागी डॉक्टर पिगू आले. कंपनी सरकारला यात रस का? चित्रकार बसवून रेखाटनं करून घेण्यापेक्षा फोटो स्वस्त पडतो म्हणून. हिशेबी माणसं. पण त्या हिशेबात एक खर्च जवळजवळ दिसतच नव्हता, त्याकडे येतो.

बिग्ज कागदाची निगेटिव्ह वापरत होता. काचेच्या मानानं कागद हलका, उन्हाळ्यात सांभाळायला सोपा, मेण लावलेला कागद तर आधी तयार करून ठेवता येई. पण कागदावर बारकावे धूसर येत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या कोलोडिअनची रीत सांगितली आणि सगळे काचेकडे वळले. आता ही रीत नीट ऐका, कारण ओझ्याची सगळी गोष्ट तिच्यात आहे. काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कोलोडिअन ओतून सारखं पसरायचं. अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, आणि ओली असतानाच परत अंधारात नेऊन धुवायची. मधे सुकली की गेली. हातात दहा-बारा मिनिटं. आपल्याकडच्या एप्रिलात त्याहून कमी, कारण त्यातला ईथर उडून जातो.

म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काय काय हवं? काळोखी राहुटी. रसायनांच्या बाटल्या. चांदीच्या पाण्याचं भांडं. धुण्यासाठी पाणी, तेही स्वच्छ. लाकडी तिपाई. आणि काचा. आपण हिशेबच करू. दहा बाय बारा इंचांची काच, दोन मिलिमीटर जाड धरली, तर एकीचं वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन डझन काचा म्हणजे साडेनऊ किलो. चोवीस फोटोंचे साडेनऊ किलो! आणि हे नुसत्या काचांचं, ज्या पेटीत त्या खाचा पाडून उभ्या ठेवायच्या ती पेटी वेगळीच.

हे वाहणार कोण? सॅम्युअल बोर्नचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८६३ पासून तीन मोठ्या हिमालयवाऱ्या त्यानं केल्या. पहिल्या वारीत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते, पुढच्या काश्मीरवारीत चाळीसच्या वर. १८६६ साली मणिरंग खिंडीत, १८,००० फुटांच्याही वर, त्यानं काचा धुतल्या आणि फोटो काढले. त्या उंचीवर पुढं कितीतरी वर्षं कोणी फोटो काढू शकलं नाही. ते फोटो आजही बघताना श्वास रोखला जातो. पण त्यानं विलायतेतल्या मासिकात प्रवासाची जी वर्णनं लिहिली, ती वाचा. हमाल ओझी टाकून पळाले, तेव्हा हातात काठी घेऊन आपण त्यांना शोधायला निघालो, असं तो स्वतःच लिहितो. लपवतसुद्धा नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आपल्याकडेही साहेबाचा तळ हलायचा तो असाच. 'बिगारी' हा शब्द आपण आजही बांधकामावरच्या मजुराला लावतो. मूळ फारसी बेगार, म्हणजे बिनमजुरीचं काम, वेठ. साहेब आला की गावातून माणसं काढायची, ओझी पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायची, तिथून पुढं त्या गावची माणसं. मघाशी जो न दिसणारा खर्च म्हटला, तो हा.

आता आपल्या भागाकडे या. त्या वेळी हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव १९८१ चं. डोंगर तेच, पण वाट बघा कशी होती. मुंबईहून बोटीनं खाडीतून नागोठण्याला यायचं, तिथून मेण्यात बसून महाड, आणि पुढं घाट चढून महाबळेश्वर. रेल्वे नव्हती तेव्हाचा हा राजरस्ता. म्हणजे साहेबलोक रोह्याच्या उशाशी उतरत होते. उतरून कुठं जात होते? जिथं पाणी किंवा गाडीवाट जाते तिथं. घारापुरीला होडीनं जाता येतं, तिथले फोटो ढिगानं. बर्जेस साहेबांनी १८७१ मध्ये घारापुरीवर पुस्तक काढलं, त्यात फोटोच आहेत. कार्ल्याला पुण्याची सडक जवळ, तिथले फोटो ढिगानं. आपल्या तळ्याजवळची कुडा लेणी, सव्वीस लेण्यांचा समूह, राजपुरीच्या खाडीवर मांदाडजवळ. म्हणजे तिथंही होडी जाते. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेण्यांवरच्या ग्रंथात कुडा आहेच.

आणि अवचितगड? रोह्याच्या डोक्यावर उभा आहे, पायथ्यापासून हजारेक फूट. उंची अशी काही नाही. पण वाट रानातून, अरुंद, कारवीत शिरणारी. पेणजवळचा सांकशी? डोंगर बुटका, पण माथ्याकडे कातळात कोरलेल्या पायऱ्या, तिथं हात मोकळे लागतात. सांकशी काही साधा किल्ला नाही, पोर्तुगीजांच्या कागदांत तो 'सांगाझा' म्हणून येतो, त्यावरून गुजरात, अहमदनगर आणि पोर्तुगीज अशी तिघांची ओढाताण झालेली. म्हणजे महत्त्व कमी होतं म्हणून फोटो नाहीत असं नव्हे. काचेची पेटी डोक्यावर घेतलेला माणूस त्या कारवीतून आणि त्या पायऱ्यांवरून जात नाही, हे साधं कारण. घारापुरीच्या मानानं या गडांची जुनी छायाचित्रं शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं. आमच्या गडांचा दृश्य इतिहास उशिरा सुरू होतो तो ओझ्यामुळं.

हो, एक सांगायचं राहिलं. त्या काळच्या पुरातत्त्वाच्या फोटोंत भिंतीजवळ किंवा खांबाशी एक माणूस उभा दिसतो. उंचीचा अंदाज यावा म्हणून उभा केलेला. नाव नाही. मोजपट्टी म्हणून माणूस. त्यातले निदान काही जण ती पेटी वर घेऊन आलेलेच असणार, असं मला नेहमी वाटतं. पुरावा मागू नका.

पुढचा भाग भराभर सांगतो. १८७१ मध्ये मॅडॉक्सनं जिलेटिनच्या कोरड्या काचेचा शोध लावला. राहुटी गेली, बाटल्या गेल्या, काच राहिली. १८८८ मध्ये कोडॅकचा पहिला पेटी-कॅमेरा आला, गुंडाळीच्या फिल्मवर शंभर फोटो. पण गंभीर काम करणारे काच सोडेनात. विट्टोरिओ सेला हा इटालियन १८९९ मध्ये कांचनजंगेला प्रदक्षिणा घालणाऱ्या मोहिमेत आणि १९०९ मध्ये के-टूला गेला तो काचाच घेऊन.

खरी उलथापालथ झाली ती जर्मनीतल्या एका दमेकऱ्यामुळं. ऑस्कर बार्नाक. वेट्झलरच्या लाइट्झ कारखान्यात काम करायचा. डोंगरात भटकायची हौस, फोटोची हौस, आणि छातीत दमा. मोठ्या प्लेटचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन चढ चढवेना. हमाल ठेवायची ऐपत किंवा इच्छा नसलेला माणूस काय करतो? ओझंच लहान करतो. सिनेमाची जी पस्तीस मिलिमीटरची पट्टी असते, ती आडवी धावेल असा एक खिशात मावणारा कॅमेरा त्यानं १९१३-१४ च्या सुमारास स्वतःसाठी बनवला. मधे महायुद्ध आलं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लायका नावानं विकायला आला.

इथं मला आपले दादासाहेब फाळके आठवतात. ३ मे १९१३ ला मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला, तोही याच पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीवर. एकाच सुमाराला तिकडं एक माणूस ती पट्टी डोंगरात न्यायची कशी याच्या मागं, आणि इकडं दुसरा त्याच पट्टीवर पुराण हलवतोय. फाळक्यांच्या मंडळींनी बाहेरचं चित्रण वांगणीला केलं. भाले, तलवारी, पेट्या घेऊन उतरलेली ही टोळी बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, पाटलापर्यंत वर्दी गेली, पकडापकडी झाली. शेवटी फाळक्यांनी कॅमेरा दाखवून समजूत घातली. गंमत सोडा. पण वांगणी कुठं आहे? कल्याण-कर्जत रेल्वेच्या कडेला. सिनेमाचं ओझंही तिथंच उतरलं जिथं रूळ होते.

आता पुन्हा हिशेब करू. पस्तीस मिलिमीटरचा एक रोल, छत्तीस फोटोंचा, डबीसकट तीसेक ग्रॅम. दहा रोल घेतले तर तीनशे साठ फोटो आणि वजन तीनशे ग्रॅम. मघाची एक काच चारशे ग्रॅमची होती, लक्षात आहे ना? एका काचेहून कमी वजनात तीनशे साठ फोटो. इथं हमाल कथेतून बाहेर पडतो. कॅमेरा त्याच माणसाच्या खांद्यावर येतो जो बटण दाबतो.

महाराष्ट्रात याचं फळ काय, ते बघायचं तर गोनीदांकडे बघा. गोपाळ नीलकंठ दांडेकर, १९१६ चा जन्म, १९९८ ला गेले. तळेगावात राहायचे आणि गडांवर असायचे. लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, 'दुर्गभ्रमणगाथा' घराघरात आहे. पण त्यांनी वर्षानुवर्षं गडांचे फोटोही काढले, आणि 'गोनीदांची दुर्गचित्रे' म्हणून ते पुस्तकरूपात आले. एकट्या माणसानं पाठीवर शिधा घेऊन, गडावरच झोपून काढलेले फोटो आहेत ते. सरकारी मोहीम नाही. हरीश कपाडियांचं सह्याद्रीतल्या पदभ्रमंतीवरचं पुस्तक १९७७ चं. त्याच सुमाराला मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांची पोरं दर शनिवारी रात्री एसटी पकडून डोंगराला निघायला लागली. बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री हा स्वस्तातला कॅमेरा, बारा फोटोंचा रोल, फिल्म कधी उटीच्या कारखान्यातली इंदू, कधी पूर्व जर्मनीची ऑर्वो. १९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली आणि आमचे हे गड मुंबईकरांना एका दिवसात करता यायला लागले.

आणि आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय या विषयाला मी लागलोच नसतो.

रेल्वे नवीन होती तेव्हाची. माझ्याकडं हातोहात आलेला एक रशियन झेनिट होता. ज्यांनी वापरलाय ते हसतायत. लेन्ससकट किलोच्या आसपास, वर ती चामड्याची जाड केस. तो मी एका खांद्याला लावला, दुसऱ्या खांद्याला शबनम पिशवी, तीत पाणी, डबा, जादा लेन्स, चार रोल. पाठीवर काही नाही. मेढ्याच्या बाजूनं अवचितगड चढायला लागलो. वाट दाखवायला गावातले एक कातकरी मामा बरोबर, वय साठीचं असेल, हातात कोयता, डोक्याला फडकं. अर्ध्या तासात माझी मान धरली. चढाला पुढं वाकलं की कॅमेरा लोंबकळून गुडघ्यावर आपटायचा, म्हणून मी तो एका हातानं धरायचो, म्हणजे चढायला एकच हात. पिशवी घसरली की दुसराही हात गुंतायचा. वरच्या टप्प्यात घसाऱ्यावर पाय सुटला. पिशवी झपकन पुढं आली, तिच्या झोकानं मी खाली गेलो, आणि मामांनी दंड धरला म्हणून थांबलो. एक लेन्स गेली खाली कारवीत. अजून तिथंच असेल.

मामा काही बोलले नाहीत. मला बसवलं, पाणी पाजलं. मग डोक्याचं फडकं सोडलं, कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यातून तिरपा घेतला, कॅमेरा छातीवर आणला आणि फडकं कॅमेऱ्यावरून घेऊन पाठीमागं गच्च बांधलं. पिशवीचे दोन बंद दोन खांद्यांत घालून ती पाठीवर चढवली आणि तिला पण आडवी दोरी मारली. आणि म्हणाले, "सायेब, वजानाचा काय नाय. पन ते हलता कामा नये."

मंडळी, त्यानंतर मी कॅमेऱ्याच्या पिशव्यांवर बरंच वाचलं. १९५२ पासून अमेरिकेत केल्टीनं अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची आणि कमरेच्या पट्ट्याची सॅक विकली, वजन खांद्यावरून कमरेच्या हाडावर आणलं. पुढं कॅमेऱ्यासाठी गादी भरलेल्या पिशव्या आल्या. या सगळ्याचं सार त्या एका वाक्यात होतं. वजन थकवतं. हलणारं वजन पाडतं.

आणि हे ज्ञान आपल्या लोकांकडे कधीपासूनचं आहे! इथं पेणमध्ये हे मी सांगायला नको. हमरापूर, कळवे, जोहे, इथून गणपती कसे जातात? कच्च्या मातीची सोंड, कान, बोटं, आणि ट्रकनं खड्ड्यांतून मुंबई. पेंढा भरतात तो काही मऊ लागावं म्हणून नुसता नाही. मूर्तीला हलायला जागा राहू नये म्हणून. कारागिराला विचारा, मूर्ती भारानं मोडत नाही, हिसक्यानं मोडते. काचेच्या पेटीला खाचा पाडायचे ते याचसाठी. तुमच्या सॅकमध्ये लेन्सभोवती जादा सदरा कोंबता तोही याचसाठी.

तसंच पडशीचं. जुन्या लोकांना पडशी आठवेल, मधे चीर असलेली लांब पिशवी, अर्धी पुढं अर्धी मागं, खांद्यावर टाकायची. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून माणूस वाकत नाही. कावडीचं तत्त्वही तेच. छातीवर कॅमेरा आणि पाठीवर सॅक घेऊन चालता तेव्हा तुम्ही पडशीच घेतलेली असते. चुंबळ ठेवून मोळी वाहणाऱ्या बायका बघा, पेणच्या बाजाराला डोंगरातून यायच्या, मान जराही हलायची नाही. १९८६ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर घेऊनही त्यांची चालण्याची ताकद जादा खर्च होत नव्हती. शास्त्रज्ञ चक्रावले. आपल्या डोंगरातल्या बायका चक्रावल्या नसत्या. अर्थात कोणी त्यांना विचारून ओझं दिलं नव्हतं, तेही खरं. कौतुक करताना मला ते टोचत राहतं.

आता जी मुलं-मुली पुढं बसलीयत, ज्यांनी आजोबांचे कॅमेरे माळ्यावरून काढलेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. परवाच एक मुलगी मला म्हणाली, "काका, सुधागडला कॅमेरा नेला, पण पूर्ण वेळ सॅकमध्येच राहिला." मग नेला कशाला? हेच तर होतं. सॅकच्या तळाशी ठेवलेला कॅमेरा सुरक्षित असतो आणि निरुपयोगी असतो. प्रत्येक वेळी थांबा, सॅक उतरवा, चेन उघडा. तिसऱ्या वेळी कंटाळा येतो, आणि बरोबरचे लोक पुढं गेलेले असतात. जो कॅमेरा छातीवर असतो त्याचेच फोटो निघतात. सोय म्हणजे चैन नव्हे, कुठला फोटो अस्तित्वात येणार हे ती ठरवते.

एकच कॅमेरा, एकच लेन्स. पन्नास मिलिमीटरची पुरते, फार तर एक पस्तीस. गोमुखी महादरवाजा पूर्ण मावत नाही म्हणून वाइड लेन्स वाहू नका, चार पावलं मागं जा. मात्र मागं बघून जा. निकॉनच्या एफएम-टूचा सांगाडा साडेपाचशे ग्रॅमच्या आत, पेंटॅक्स के-हजारचा सहाशेच्या जरा वर. झेनिट असेल तर देव तुमचं भलं करो. (हशा) कंपनीनं दिलेला अरुंद पट्टा काढा आणि दोन बोटं तरी रुंद सुती पट्टा लावा. घामात नायलॉन कापतो. पट्टा गळ्यात सरळ कधी नाही, तिरपाच. आणि चढाला लागण्यापूर्वी त्यावरून एक आडवा बंध, मामांच्या फडक्यासारखा.

सॅकमध्ये जड वस्तू वर आणि पाठीला चिकटून, हलक्या खाली आणि बाहेर. पाच्छापूरच्या बाजूची शिडी चढायची असेल तर जड वस्तू जरा खाली घ्या, तोल मागं जाऊ नये म्हणून. तिपाई घरी ठेवा. कॅमेऱ्याच्या बुडाला जो आट्याचा खड्डा असतो त्यात बसणारा स्क्रू मिळवा, त्याला उंचीइतकी सुतळी बांधा, सुतळीचं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून ताण द्या. हात थरथरायचा थांबतो. वजन वीस ग्रॅम. पंत सचिवांच्या वाड्यातल्या अंधारातसुद्धा मी असे फोटो काढलेत.

पावसाचं वेगळं. आपल्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि कॅमेऱ्याला खरा धोका पावसाच्या थेंबाचा नाही, दमटपणाचा आहे. भिजलेली सॅक घरी आल्यावर बंद करून कोपऱ्यात टाकली की महिन्याभरात लेन्सला बुरशी. जाळीसारखी, आतून. ती पुसता येत नाही. घरी आल्याबरोबर सगळं बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली ठेवा, मग सिलिकाच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. फिल्म दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, सॅकच्या मधोमध, पाठीपासून लांब. पाठ भट्टी असते. उन्हाळ्यात गाडीच्या काचेशी रोल ठेवू नका. एसटीच्या टपावर सॅक टाकायचे दिवस होते तेव्हा माझा एक अख्खा रोल असाच भाजला. तो दोष टपाचा नाही, माझा.

शेवटी त्या अवचितगडाच्या रोलवर येतो. लेन्स गेली, पण कॅमेरा वाचला, आणि बांधून घेतल्यावर दोन्ही हात मोकळे झाल्यामुळं मी त्या दिवशी बाराकोनी तळ्याचे, बुरुजांचे, तटाचे असे सगळे छत्तीस फोटो काढले. तेव्हाच्या तटाचा काही भाग आता ढासळलाय. माझ्या फोटोत तो उभा आहे. त्यातला एक फोटो मामांचा आहे. तळ्याच्या काठावर उभे, डोक्याला फडकं नाही, कारण ते माझ्या अंगावर बांधलेलं होतं. मागं मी पेन्सिलनं लिहिलंय, 'तळ्याची उंची कळावी म्हणून'. तारीख लिहिलीय. नाव लिहिलेलं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मी तो मोठा करून घेतला आणि मेढ्याला गेलो, वाडीवर विचारत फिरलो. एका बाईंनी ओळखलं, त्यांचे सासरे. फोटो ठेवून घेतला. चहा झाला. त्यांच्या घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. नाव मी आता माझ्या प्रतीवर शाईनं लिहून ठेवलंय.

तर तुमच्यापैकी ज्यांच्या घरी या भागातल्या गडांच्या, वाड्यांच्या, बाजाराच्या जुन्या निगेटिव्ह असतील, त्यांनी त्या पुढच्या रविवारी इथं आणाव्यात. आपण त्या उजेडावर ठेवून बघू, शक्य तिथं माणसांची नावं लावू. पुसून आणू नका, ओल्या फडक्यानं तर नाहीच. जशा आहेत तशा, कोऱ्या कागदात गुंडाळून. आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर आणा.

आता प्रश्न घेऊ. पहिला पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचा.